पाय घसरला की शुद्ध हरपली?

पत्राचा सारांश: ठाण्यात नोकरी करणाऱ्या एका वाचक भगिनीचे हे पत्र आहे. त्यांचे ७९ वर्षांचे वडील निवृत्त शिक्षक असून सातारा जिल्ह्यातील गावी आईसह राहतात. गेल्या पाच महिन्यांत ते तीन वेळा पडले. पहिल्यांदा पहाटे शौचालयातून परतताना आणि दुसऱ्यांदा देवळाकडे जाणारा चढ चढताना. त्या वेळी कपाळाला चार टाके पडले. तिसऱ्यांदा ते ओसरीवर खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते आणि तसेच खाली कोसळले. प्रत्येक वेळी मिनिटाभरात उठून त्यांनी 'पाय घसरला' एवढेच सांगितले. ईसीजी आणि मेंदूचा सीटी स्कॅन नॉर्मल आला. मानेच्या एक्स-रेमध्ये मणक्यांची झीज दिसली, म्हणून गळ्याला पट्टा आणि चक्कर थांबवणाऱ्या गोळ्या मिळाल्या. याशिवाय रक्तदाबाच्या दोन गोळ्या (त्यांपैकी एक लघवी वाढवणारी), प्रोस्टेटसाठी रात्रीची एक गोळी आणि काचबिंदूचे थेंब चालू आहेत. भाऊ म्हणतो, वयोमानाप्रमाणे हे चालायचेच. आई म्हणते, 'ते घसरले नाहीत, त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता'; पण आईचा स्वभाव घाबरट, म्हणून तिचे कोणी मनावर घेत नाही. वडिलांना कायमचे ठाण्याला आणावे, त्यांचे सकाळचे फिरणे बंद करावे, ते जमत नसेल तर दिवसरात्र सोबतीला माणूस ठेवावा, असे पत्रलेखिकेला वाटते. वडील यांपैकी कशालाच तयार नाहीत. त्यांचे मन कसे वळवावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई,

वडिलांचे मन कसे वळवावे, असे तुम्ही विचारले आहे. त्या प्रश्नाकडे मी येणारच आहे. पण तुमच्या पत्रात त्याहून तातडीचा एक प्रश्न दडलेला आहे आणि तो तुम्ही विचारलेला नाही. वडील तीन वेळा पडले, हे तुम्ही सगळ्यांनी मान्य केले. ते का पडले, हे मात्र अजून कोणाला कळलेले नाही. खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाचा पाय घसरत नाही. ते तिसरे पडणे तुम्ही एका ओळीत सांगून पुढे गेला आहात, आणि मी मात्र तुमचे पत्र वाचताना त्याच ओळीवर थांबलो.

'म्हातारपणी माणसे पडतातच' हे आपल्याकडे इतक्या सहजपणे बोलले जाते की, पडणे म्हणजे जणू केस पिकण्यासारखी वयाची एक खूण असावी. वय झाल्यावर पडण्याची कारणे वाढतात, हे खरे आहे. गुडघे साथ देत नाहीत, मोतीबिंदूमुळे पायरी दिसत नाही, ओल्या फरशीवर चप्पल निसटते. असे पडताना माणसाला आपण पडत आहोत हे कळते, तो हात पुढे करतो, कशाला तरी धरू पाहतो, आणि म्हणून बहुधा मनगट किंवा खुबा दुखावतो. शुद्ध हरपून पडणाऱ्या माणसाचा हात पुढे येत नाही. तो तोंडावर आपटतो. कपाळाला, नाकाला, हनुवटीला लागते. कपाळावरचे चार टाके म्हणजे काही सिद्ध झालेले निदान नव्हे. पण आईंच्या म्हणण्याशी ते जुळतात, एवढे नक्की.

मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाह सहा ते आठ सेकंद थांबला, तरी माणसाची शुद्ध जाते. मग तो खाली कोसळतो, शरीर आडवे होते, मेंदूकडे रक्त पुन्हा पोचू लागते आणि माणूस आपोआप भानावर येतो. हा सगळा प्रकार अनेकदा मिनिटाच्या आत आटोपतो, म्हणून शेजारपाजारचे लोक धावत येईपर्यंत रुग्ण उठून बसलेला असतो आणि 'मला काही झालेले नाही' असे सांगत असतो. वडील खोटे बोलत आहेत किंवा आजार लपवत आहेत, असे तुमच्या पत्रात सूचित झाले आहे. तसे मानू नका. शुद्ध हरपलेल्या बऱ्याच वृद्धांना आपली शुद्ध गेली होती हेच नंतर आठवत नाही. त्यांना आठवते ते जमिनीवर असणे. मग आपण जमिनीवर कसे आलो याचा अर्थ मन स्वतःच लावते, आणि 'पाय घसरला' हा सर्वांत जवळचा अर्थ असतो. वडिलांच्या दृष्टीने ते अगदी खरे सांगत आहेत.

म्हणूनच या प्रकरणात सर्वांत मोलाची साक्ष आईंची आहे. आज रात्री त्यांना फोन करा आणि घाई न करता, त्यांच्या शब्दांत, तिन्ही प्रसंग सांगायला लावा. पडण्यापूर्वी वडील काय करत होते, नुकतेच उठले होते का, जेवण झाले होते का, छातीत धडधडते किंवा डोळ्यांपुढे अंधारी येते असे ते म्हणाले का, की बोलता बोलता वाक्य अर्धे राहिले? चेहरा पांढरा पडला की निळसर झाला, डोळे उघडे होते की मिटलेले, हातपायांना झटके आले का, आणि आले असल्यास किती वेळ? भानावर आल्यावर त्यांनी आईंना लगेच ओळखले का? झटक्यांचा प्रश्न मी मुद्दाम विचारतो आहे, कारण नुसत्या शुद्ध हरपण्यातही हातपायांना दोन-चार झटके येऊ शकतात आणि घरातले लोक ती फिट समजून कांदा फोडून नाकाशी धरतात. फिट आली असेल तर झटके सहसा जास्त वेळ चालतात, जिभेच्या कडेला चावा बसलेला आढळतो आणि नंतर बराच वेळ माणूस गोंधळलेला राहतो. रक्तप्रवाह खंडित झाल्यामुळे पडलेला माणूस मात्र पाहता पाहता स्वच्छ शुद्धीवर येतो. आई सांगतील ते त्यांनाच कागदावर लिहून ठेवायला सांगा. तो कागद पुढे लागणार आहे.

पत्रावरून निदान करणे योग्य नव्हे आणि मी ते करत नाही. पण तुमच्या वडिलांचे तिन्ही प्रसंग तीन वेगवेगळ्या दिशांकडे बोट दाखवतात, आणि या वयात एकाच माणसात दोन-तीन कारणे एकत्र नांदणे मुळीच दुर्मीळ नाही, म्हणून ते एकेक करून पाहू.

पहाटेचा पहिला प्रसंग. आडवा माणूस उभा राहिला की, साधारण अर्धा लीटर किंवा त्याहून अधिक रक्त पाय आणि पोटाकडे उतरते. तरुण शरीर तत्काळ रक्तवाहिन्या आकसून आणि हृदयाचे ठोके वाढवून ते सावरून घेते. वयानुसार ही सावरण्याची क्रिया मंदावते. त्यात रक्तदाबाची गोळी, लघवी वाढवून शरीरातील पाणी कमी करणारी दुसरी गोळी, आणि रात्री घेतलेली प्रोस्टेटची गोळी, जिच्या प्रकारातील अनेक औषधे रक्तवाहिन्या सैल करतात, या तिन्हींची भर पडली तर पहाटे लघवीसाठी उठणाऱ्या माणसाचा रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. हे तपासायला कोणतेही महागडे यंत्र लागत नाही. पाच मिनिटे आडवे झोपवून रक्तदाब मोजायचा, मग उभे करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजायचा. वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक, अथवा खालचा आकडा १० किंवा त्याहून अधिक उतरला, तर उभे राहताना रक्तदाब घसरतो असे निदान करतात. वडिलांचा रक्तदाब आजवर असा कोणी मोजला आहे का? गर्दीच्या दवाखान्यात तो बहुधा खुर्चीत बसवूनच मोजला जातो, आणि त्या आकड्यावरून ही घसरण कळत नाही.

चढावरचा दुसरा प्रसंग मला अधिक काळजीचा वाटतो. श्रम करत असताना शुद्ध जाणे ही हृदयविकाराची खूण असू शकते आणि ती कधीही दुर्लक्षू नये. हृदयातून महाधमनीत, म्हणजे शरीराला रक्त पुरवणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीत, रक्त जाते, तेथे एक झडप असते. काहींमध्ये वयाबरोबर तिच्यावर कॅल्शियम साठून ती कडक आणि अरुंद होते. बसलेल्या माणसाचे तेवढ्यात भागते. पण चढ चढताना स्नायूंना जास्त रक्त हवे असते, अरुंद वाटेने ते पुरेसे बाहेर पडत नाही, आणि मेंदूचा वाटा कमी पडतो. असा आजार असेल तर अनुभवी डॉक्टरांना छातीला स्टेथोस्कोप लावल्यावर बहुधा खरखरीत आवाज ऐकू येतो, आणि इको तपासणीत, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र पाहण्याच्या तपासणीत, झडप किती अरुंद आहे ते मोजता येते. लक्षणे सुरू झाल्यानंतर हा आजार थांबून राहत नाही, म्हणून इको लगेच करून घ्या. झडप बदलण्यासाठी पूर्वी छाती उघडावी लागे. २००२ मध्ये फ्रान्समधील डॉ. अलाँ क्रिबिए यांनी रक्तवाहिनीतून नळी नेऊन नवी झडप बसवली, आणि आता वयस्क रुग्णांसाठी ही पद्धत भारतातही उपलब्ध आहे.

आता ओसरीवरची खुर्ची. बसलेल्या स्थितीत, कसलीही पूर्वसूचना नसताना कोसळणे, चेहरा पांढराफटक पडणे आणि लगेच भानावर येणे, हे ऐकले की हृदयाच्या ठोक्यांच्या लयीची शंका घ्यावीच लागते. हृदयात ठोक्याची विद्युत्-प्रेरणा जिथे उगम पावते ते केंद्र वयानुसार थकते, किंवा ती प्रेरणा खाली नेणाऱ्या वाटेत अडथळा येतो. मग ठोके अतिशय मंद होतात किंवा काही सेकंद थांबतात. कधी याच्या उलट, ठोके इतके वेगाने पडू लागतात की हृदय नीट भरतच नाही. डब्लिनमधील रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी १८२७ मध्ये आणि विल्यम स्टोक्स यांनी १८४६ मध्ये मंद नाडी आणि अचानक शुद्ध हरपणे यांचा संबंध लिहून ठेवला, आणि हा विकार अजूनही त्यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांच्या काळी ईसीजीचे यंत्र नव्हते. मनगटावर बोट ठेवून आणि रुग्णाच्या घरच्यांचे ऐकून घेऊन त्यांनी ते ओळखले, हे मला आईंच्या बाबतीत आवर्जून सांगावेसे वाटते.

'पण ईसीजी नॉर्मल आहे,' असे तुम्ही लिहिले आहे. नेहमीच्या ईसीजीमध्ये सुमारे दहा सेकंदांची नोंद असते. रात्री एकदा दार उघडून अंगणात पाहिले आणि कोणी दिसले नाही, म्हणून रात्रभर कोणी आलेच नाही असे म्हणता येत नाही. तरीही तो ईसीजी जपून ठेवा आणि हृदयरोगतज्ज्ञांना मूळ कागद दाखवा, कारण विद्युत्-मार्गातील अर्धवट अडथळ्याच्या खुणा कधीकधी त्यात असतात. पुढची पायरी म्हणजे हॉल्टर. छातीला तारा चिकटवून २४ तास किंवा अधिक काळ ठोके नोंदवणारे हे छोटे यंत्र असते. मात्र दीड-दोन महिन्यांतून एकदा घडणारा असा प्रसंग नेमका त्याच दिवशी घडेल याची शाश्वती नसते. हॉल्टर नॉर्मल आला आणि तरी शंका उरली, तर छातीच्या कातडीखाली बसवायचा लूप रेकॉर्डर असतो. तो दोन-तीन वर्षे नोंद ठेवू शकतो. मेंदूच्या सीटी स्कॅनचे म्हणाल तर, डोक्याला मार लागल्यावर तो करणे योग्यच होते. पण शुद्ध का हरपली याचे उत्तर त्यातून क्वचितच मिळते.

मानेच्या पट्ट्याविषयी मला स्पष्ट लिहिले पाहिजे. ७९ व्या वर्षी मानेचा एक्स-रे काढला, तर मणक्यांची झीज बहुतेकांत दिसेल. ती दिसली याचा अर्थ तीच पडण्याचे कारण आहे असा होत नाही. खुर्चीतून बेशुद्ध होऊन कोसळण्याचे कारण तर ती बहुधा नसतेच. शिवाय मानेतील मोठ्या रक्तवाहिनीजवळ दाब जोखणारा एक संवेदनशील भाग असतो. काही वृद्धांत तो इतका हळवा होतो की, घट्ट कॉलर, दाढी करताना पडलेला दाब किंवा मान झटकन वळवणे एवढ्यानेही ठोके काही क्षण थांबतात. तुमच्या वडिलांना हेच होते असे मी म्हणत नाही. पण पट्टा खरोखर हवा आहे का, हे हृदयरोगतज्ज्ञांना जरूर विचारा. आणि मानेच्या त्या भागावर घरी कोणी मालिश करू नये.

काचबिंदूचे थेंब डोळ्यांचे, त्यांचा हृदयाशी काय संबंध, असे वाटणे स्वाभाविक आहे. काचबिंदूसाठी वापरल्या जाणाऱ्या थेंबांपैकी टिमोलॉल हे औषध नाकाच्या अस्तरातून रक्तात शोषले जाते आणि हृदयाचे ठोके मंद करू शकते. बाटलीवरचे नाव पाहा. ते टिमोलॉल असेल तर नेत्रतज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञ या दोघांनाही कळू द्या. तोवर थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकालगतचा कोपरा एक-दोन मिनिटे बोटाने हलकेच दाबून धरला, तर रक्तात जाणारे औषध कमी होते. कोणतेही औषध मनाने बंद मात्र करू नका. रक्तदाबाची काही औषधे एकाएकी थांबवणे धोक्याचे असते, आणि काचबिंदूचे थेंब सोडल्यास दृष्टी जाऊ शकते. घरातील सगळ्या गोळ्या, थेंब, चूर्णे, काढे एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा; 'बीपीची पांढरी गोळी' या वर्णनाने काहीही कळत नाही.

तपासणीत ठोक्यांचा दोष निघाला तर पेसमेकरचा विषय निघेल आणि घरात पुन्हा भीती पसरेल. पेसमेकर म्हणजे ठोके मंदावले की हृदयाला विद्युत्-प्रेरणा देणारे छोटे यंत्र. ते बहुधा जागा बधिर करून, गळ्याखालच्या हाडाजवळच्या कातडीखाली बसवतात. छाती उघडावी लागत नाही, दोन-तीन दिवसांत घरी जाता येते, त्या बाजूचा हात काही आठवडे खांद्याच्या वर नेऊ देत नाहीत, आणि बॅटरी साधारण आठ-दहा वर्षे चालते. पहिला पूर्णतः शरीरात बसवलेला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन या रुग्णाला बसवला गेला. तो काही तासांतच बंद पडला, त्यानंतर त्यांना वीसहून अधिक पेसमेकर बदलावे लागले, पण ते ८६ वर्षांपर्यंत जगले. खर्चाची चिंता असेल तर हेही सांगतो: २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. वडिलांना निवृत्त कर्मचारी म्हणून दुसऱ्या सरकारी योजनेचा लाभ मिळत असेल तर त्याचे नियम पाहावे लागतील. योजनेत सामील असलेल्या रुग्णालयातील आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णांना मदत करणारे योजनेचे कर्मचारी, हे समजावून सांगतात.

आता ठाण्याचा प्रश्न. तुमच्या तळमळीविषयी मला शंका नाही. रात्री फोन वाजला की काळजाचा ठोका चुकतो, हे तुम्ही लिहिले आहे ते वाचून मला तुमचा शीण जाणवला. पण विचार करा: हृदय काही सेकंद थांबत असेल, तर ते सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्येही थांबेल. फिरणे बंद केले तर मांड्यांचे स्नायू थोड्याच आठवड्यांत अशक्त होतील आणि खरोखरच पाय घसरण्याचा धोका वाढेल. सोबतीच्या माणसाला कोसळणारे शरीर क्षणात झेलता येत नाही. आणि ज्या गावात पन्नास वर्षे 'गुरुजी' म्हणून हाक ऐकली, ते गाव सुटल्यावर त्यांच्या मनाचे काय होईल, हा विचार तुमच्या पत्रात आलेला नाही. तो यायला हवा.

मला सुचणारा मार्ग असा. वडिलांना तुमच्याकडे आणा, पण 'कायमचे' हा शब्द काढून टाका. तपासण्यांसाठी पंधरा दिवस, परतीच्या तारखेसह, आणि आईंना बरोबर घेऊन. तपासण्या साताऱ्यात होत असतील तर तुम्हीच तिकडे जा. तोवर चढाचा रस्ता आणि दुचाकी बंद; सपाट रस्त्यावर कोणाबरोबर फिरायला हरकत आहे का, ते डॉक्टरांना विचारा. शौचालयाची कडी आतून लावू नये. रात्री पलंगाशेजारी लघवीचे भांडे ठेवावे, आणि उठताना आधी दोन मिनिटे काठावर बसून पायाचे चवडे हलवावे. कारण कळल्यानंतर, उपचार झाल्यानंतर, कोणी कुठे राहायचे ते ठरवा. तेव्हा कदाचित तो प्रश्न इतका मोठा राहिलेला नसेल.

ज्यांच्या घरी असेच वयस्क कोणी आहे, अशा वाचकांसाठीही थोडे लिहितो. निर्जळी उपवास, जुलाब, ताप आणि उन्हाळा या काळात लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचे काय करायचे, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. आषाढी एकादशीला सकाळी गोळी घेऊन दिवसभर पाणी न पिणाऱ्या आजी मी पुष्कळ पाहिल्या आहेत. काहींचा रक्तदाब भरपेट जेवणानंतर तास-दोन तासांत उतरतो. त्यांनी थोडे थोडे जेवावे आणि ताटावरून लगेच उठू नये. मधुमेहाची औषधे चालू असतील तर पडल्याबरोबर साखर तपासा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार लागला, तर माणूस हसत-बोलत असला तरी त्याच दिवशी रुग्णालयात न्या. श्रम करताना किंवा झोपलेल्या स्थितीत शुद्ध गेली, आधी छातीत दुखले किंवा धडधडले, नाडी मिनिटाला ४० पेक्षा कमी लागली, किंवा कुटुंबात तरुणपणी अचानक मृत्यू झालेले असतील, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

पुन्हा असे घडलेच तर माणसाला उठवून बसवू नका. आपल्याकडे सगळे जण नेमके तेच करतात, आणि मेंदूकडे परतणारे रक्त पुन्हा खाली उतरते. आडवे राहू द्या, पाय थोडे उंच करा, तोंडात पाणी घालू नका, उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवून तीस सेकंद ठोके मोजा आणि दुप्पट करा; हे आईंना आजच शिकवा, वडिलांच्याच हातावर. श्वास थांबला किंवा अडखळत आचके दिल्यासारखा झाला, तर १०८ ला फोन करून छातीच्या मध्यभागी जोराने आणि भराभर दाब द्यायला सुरुवात करावी.

राहिले वडिलांचे मन वळवणे. 'तुम्ही आता एकटे राहू शकत नाही' असे म्हटले तर कोणताही स्वाभिमानी माणूस नकारच देईल. 'तुमचे फिरणे सुरू राहावे म्हणून ही तपासणी हवी आहे' असे म्हणा. ते खरेही आहे. तपासणीच्या खोलीत डॉक्टर त्यांना 'काय झाले?' असे विचारतील आणि ते 'पाय घसरला' असेच सांगतील. त्यांना अडवू नका, चारचौघांत खोडूनही काढू नका. त्यांचे सांगून झाले की तुम्ही गप्प राहा आणि डॉक्टरांना एवढेच म्हणा, 'तिन्ही वेळा आई तिथे होती.' आणि आईंना त्यांचा कागद काढू द्या.